पुन्हा उघडलेल्या पुड्या

आचरा,
मंगळवार

प्रिय रसिका,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुला नवल वाटलं असेल. गणपतीत आणि दिवाळीत फोनवर "बरी आसस मां गो?" "बरी आसय" एवढं बोलून फोन ठेवणाऱ्या आपण दोघी, आणि आज एकदम एवढी पानं. फोन करायचा प्रयत्न मी केला. दोनदा तुझा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आतच बंद केला. फोनवर तू मध्येच विचारशील, "मथुरा, सगळां बरां आसा मां?" आणि मी "बरां आसा" म्हणून सुटेन, हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मी अशीच सुटत आले. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद घेतला. तर चष्मा लाव, एका जागी बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवून दिलंस तर नुसतं अर्धं कळेल, आणि तेवढं पुरणार नाही.

आधी माझी खुशाली सांगते. नोकरी सुटून तीन वर्षं झाली, पण सुटली असं म्हणायची सोय नाही. सकाळी पेज खायला बसावं तर पडवीत कोणीतरी प्रेशर मोजून घ्यायला आलेलं असतं. गुडघे कुरकुरतात. नारळ यंदा बरे लागले. आणि मी मालवणच्या एका सेवा क्लबात जाऊ लागले आहे, किनारा सेवा क्लब. पूर्वी मी या क्लबवाल्यांना हसायचे, तुला आठवत असेल. फलक, हारतुरे, फोटो आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड. पण निवृत्तीनंतर त्यांचा अध्यक्ष गुरुदास घरी आला. बंदराजवळ त्याची खानावळ आहे, माणूस घाईचा पण मनाने स्वच्छ. म्हणाला, "बाई, डोळ्यांच्या शिबिराक नर्स होयी, आमच्याकडे सगळे भाषण करणारे." मी गेले, आणि मग जातच राहिले. आचऱ्याहून एसटीने जायचं, सभा करायची, मासे घेऊन परत यायचं.

जानेवारीच्या सभेत गुरुदासने एक ईमेल वाचून दाखवला. मोझांबिक म्हणून आफ्रिकेत देश आहे, आपल्याच समुद्राच्या पलीकडच्या काठाला. तिथल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आमच्यासारखाच क्लब आहे. चक्रीवादळाने त्यांचं आरोग्यकेंद्र मोडून टाकलं होतं. मोठा दवाखाना एक दिवसाच्या चालीवर, त्यामुळे बायका घरीच बाळंत होतात. त्यांनी जगातल्या किनाऱ्यांवरच्या बऱ्याच क्लबांना लिहिलं होतं: आम्हाला बाळंतपणाच्या पुड्या करून द्या, आणि त्या कशा वापरायच्या ते आमच्या गावातल्या सुइणींना शिकवायला मदत करा. पुडी म्हणजे काय, तर खाली अंथरायला प्लॅस्टिकची स्वच्छ चादर, साबणाची वडी, हातमोज्यांचा एक जोड, नाळ बांधायला तीन दोरे, जाळीच्या कापडाचे तुकडे आणि कागदात बंद केलेलं नवं ब्लेड. सगळं एका पिशवीत, एका बाईसाठी, एकदाच वापरायचं. अशा कामात एक क्लब मागतो, दुसरा भरून देतो आणि सगळ्या क्लबांची मिळून जी वरची संस्था असते ती जहाजाचं बघते.

वाचून झाल्यावर गुरुदासने मतं विचारली. मग मंगेश उठला. त्याच्या दोन बोटी आहेत, बोलणं वाऱ्यासारखं. म्हणाला, "आमच्या बायकांक गोव्याक न्हेवचा लागता, आणि आमी आफ्रिकेक पुडयो धाडूच्यो?" मंगेश वाईट माणूस नाही गो. गेल्या वर्षी त्याच्या सुनेला कळा सुरू असताना गाडीत घालून गोव्याला नेलं होतं, तो रस्ता तो अजून विसरलेला नाही. बरेच जण माना हलवू लागले. गुरुदास कागदाची घडी घालायला लागला, आणि मी उभी राहिले. आधी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, मंगेश, माझी नोकरी नवी होती तेव्हा मला गावोगावच्या सुइणींना वाटायला ॲल्युमिनियमच्या पेट्या मिळाल्या होत्या. आत हेच सामान. त्या पेट्या परदेशच्या मदतीतून आल्या होत्या. कुठल्यातरी देशात कुठल्यातरी बाईने आमच्यासाठी त्यांची तजवीज केली, आणि तिने आधी नकाशा काढून आचरा कुठे आहे ते बघितलं नाही. तुझ्या सुनेसाठी गाडी पाहिजे, दवाखान्यात डॉक्टर पाहिजे, त्यासाठी भांडायला मी तुझ्याबरोबर ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत येते, उद्याच चल. पण त्यासाठी ही पुडी अडवू नकोस. सभा माझ्याकडे बघत राहिली. मी कधी एवढी बोलत नाही. हात वर झाले, मंगेशचाही झाला, जरा उशिरा. हजार पुड्या करायच्या ठरल्या आणि सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि सांगायला हवं, आम्ही दोघं ओरोसला खरंच तीन वेळा जाऊन आलो. दोन कागद पुढे सरकलेत. तेही सोडलेलं नाही.

मग आरोही आली. मालवणच्या शाळेत चित्रकला शिकवते, पंचवीस-सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ. पुडीत घालायच्या कागदावर एकही अक्षर नको, नुसती चित्रं हवीत, म्हणून तिने आठ चित्रं काढली. आधी हात धुवा, मग चादर पसरा, अशी. ती चित्रं आम्ही तिकडच्या नर्सला पाठवली. तिचं नाव ग्रासा. तिने परत धाडली, खुणा करून. तुमच्या चित्रातली बाई साडीत आहे, आमच्या बायका कमरेला रंगीत कापड गुंडाळतात. तुमच्या चित्रात खाली फरशी आहे, आमच्याकडे मातीची जमीन असते. फरशी बघून बायकांना वाटेल, हे आपल्या घरासाठी नाहीच. आरोहीने सगळं पुन्हा काढलं. मातीच्या जमिनीचं चित्र तिने मला दाखवलं तेव्हा मी ते फार वेळ हातात धरून बसले होते. ती म्हणाली, "बाई, चुकलं काय?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

ग्रासाशी आम्ही मग कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलू लागलो. तिची भाषा पोर्तुगीज, आमच्याकडे त्या भाषेचं भाषांतर करायला गोव्याचा एक निवृत्त मास्तर बसायचा. पहिल्याच दिवशी तिने साबणाची वडी वर धरली आणि "साबांव" म्हणाली. आमच्या बायका एकदम ओरडल्या, "साबण! साबणच म्हणता ती!" मग खिडकी दाखवून आम्ही "जनेल" म्हटलं आणि तिकडच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या, कारण त्यांचाही जवळजवळ तोच शब्द. मास्तराचं काम दोन मिनिटं थांबलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हे सामान कुठे परक्याकडे जात नाही.

मार्चमधल्या एका रविवारी शाळेच्या सभागृहात पुड्या भरायला बसलो. बचत गटाच्या बायका, क्लबातल्या, शिक्षिका, मासे विकणाऱ्या, मिळून साठ जणी. सगळ्यांचे हात मी स्वतः उभी राहून धुवून घेतले, नखं बघितली, केस बांधायला लावले. बायका मला हसत होत्या, म्हणत होत्या, नर्सबाई अजून डुटीवर आसत. लांब टेबलं लावली होती, एकीने चादर घालायची, दुसरीने साबण, तिसरीने दोरे. चार वाजेपर्यंत हजार पुड्या भरून, बंद करून खोक्यांत रचून झाल्या. फोटो झाला, गुरुदासने सगळ्यांना पन्हं दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळहून ट्रक निघणार होता, मुंबई बंदरात जहाजाची वेळ ठरलेली होती.

बायका पांगल्या तेव्हा सावित्री मागे राहिली. ती बाजारात मासे विकते, दिवसभर ब्लेडांच्या टेबलावर बसली होती. माझ्याजवळ आली आणि खाली बघून म्हणाली, "नर्सबाई, तुमका एक सांगूचा आसा. दुपारी ब्लेडांचो खोको माझ्या हातसून पडलो. थोड्यांचे कागद फाटले. कोणी बघूक नाय म्हणान मिया ती पदराक पुसलंय नि भरलंय. खंयच्या पुडयांत, ता माका सांगूक येवचा नाय."   मी खोक्यावर बसले. तिला वाटलं, मी रागावले. मी रागावले नव्हते गो. मी तिच्याकडे बघत होते आणि माझे कान बंद झाले होते.

गुरुदासला सांगितलं. तो दमलेला होता. म्हणाला, "बाई, हजारातली आठ-दहा! आणि थंयची नर्स ब्लेड उकळवून घेयत मां." मी म्हटलं, पुडी दिली जाते ती जिथे नर्स नसते तिथे. तो म्हणाला, "ट्रक थांबाचो नाय." मी म्हटलं, मग रिकामा जाऊ दे. "आता परत हजार पुडयो उघडूच्यो?" मी म्हटलं, "सगळ्यो उघडूच्यो. एक एक." तो मोठ्याने बोलला, तिथल्या क्लबाला कळवलंय, वरच्या संस्थेला कळवलंय, सगळ्यांपुढे आमचं नाक कापलं जाईल. मीही मोठ्याने बोलले. माझा आवाज एवढा चढू शकतो हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. शेवटी मी सांगितलं, गुरुदास, ही खोकी इथून हलली तर पुड्या स्वच्छ असल्याचा माझ्या सहीचा कागद त्यांच्याबरोबर जाणार नाही, आणि तो का नाही ते मी ग्रासाला स्वतः लिहीन.  शेवटी त्याने फोन काढला आणि ट्रकवाल्याला नको म्हणून सांगितलं.

सोमवारी कामाचा दिवस, तरी बत्तीस जणी आल्या. सावित्री सगळ्यांच्या आधी दारात उभी होती, टोपलं घरी ठेवून. मंगेश बोट सोडून आला आणि दिवसभर खोकी उचलत राहिला. एकेक पुडी उघडायची, ब्लेड बघायचं, हात पुन्हा धुवायचे, पुन्हा बंद करायची. पहिल्या दोनशे उघडल्या, काही नाही. बायका कुजबुजायला लागल्या. तीनशेच्या पुढे एक उघडं ब्लेड निघालं. मग कुजबुज थांबली. मंगळवारी दुपारी हजारावी पुडी बंद झाली तेव्हा सात निघाली होती. मी ती सात ब्लेडं टेबलावर मांडली आणि म्हटलं, ही सात घरं.  मग मी सावित्रीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की या कामात सर्वांत मोठं काम हिने केलं, हिने सांगितलं. ती रडायला लागली. पुड्या दहा दिवसांनी कोल्हापूरच्या एका क्लबाच्या सामानाबरोबर गेल्या. कोणाचं नाक कापलं गेलं नाही.

घरी येताना एसटीत आरोही माझ्या शेजारी होती. तिला काही कामासाठी आचऱ्यात उतरायचं होतं. तिने विचारलं, "बाई, खरं सांगा, तुम्ही एवढ्या का पेटलात?" मी म्हटलं, नर्स होते म्हणून. ती म्हणाली, "नाही, नर्सा मी पुष्कळ बघितल्या."  तिला उत्तर द्यायच्या आधी ते ज्या बाईला द्यायला हवं ती बाई वैभववाडीला राहते, हे मला तिथेच कळलं. तरी पुढे कित्येक महिने मी लिहिलं नाही. आता लिहिते.

चौऱ्याऐंशी सालचा श्रावण. तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आचऱ्याला आली होतीस. आपल्या वाडीत बाळंतपणं करणारी वैजीण म्हणजे माझी आई, कृष्णाबाई. मी वीस वर्षांची, तुझ्याच वयाची, आईच्या हाताखाली शिकत होते आणि तुझ्या बाळंतपणाला मीच हवी म्हणून तू हट्ट धरला होतास. दुपारी तीनच्या सुमारास बाबू झाला. चांगला रडला. तू हसलीस, ते मला अजून दिसतं. पण तुझा रक्तस्राव थांबत नव्हता, आईचे दोन्ही हात तुझ्या पोटावर होते. तिने मला सांगितलं, ब्लेड उकळून घे आणि नाळ काप. तुझ्या बाबांनी नवं ब्लेड आणून ठेवलं होतं. मी कागद काढला, आणि ते माझ्या हातातून निसटून खाली पडलं. जमीन त्याच सकाळी शेणाने सारवलेली. पाणी चुलीवर होतं, पण उकळी आली नव्हती. तू पांढरीफटक पडत चालली होतीस, मी घाबरले. ते ब्लेड मी उचललं, पदराला पुसलं आणि नाळ कापली. आईने मान न वळवता विचारलं, "उकळलंस मां गो?" मी म्हटलं, "होय आये."

सातव्या दिवशी बाबूने दूध ओढायचं सोडलं. आठव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना आणि अंग धनुष्यासारखं ताठ झालं. मालवणच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत संपलं होतं. तुझ्या सासूबाई आल्या, आणि घरापुढच्या खळ्यात उभ्या राहून जे बोलल्या ते सगळ्या वाडीने ऐकलं. "तिन्हीसांजेक पोराक घेवन उंबऱ्यार उभी रवली. हिचो हातच वायट." मीही ऐकलं. मी तुझ्या मागे चार हातांवर उभी होते. मला तेव्हा काही कळत नव्हतं, रसिका, हे देवाशपथ खरं. मलाही वाटलं, असेल, सटवाईची काही बाधा असेल.

पण दोन वर्षांनी मला कळलं. नर्सिंगच्या वर्गात आमच्या बाईंनी फळ्यावर बाळ काढलं, पाठीत वाकलेलं, मुठी आवळलेलं. म्हणाल्या, हा नवजात बाळाचा धनुर्वात. जंतू शेणामातीत असतात, ब्लेडावरून नाळेत जातात, सात-आठ दिवसांनी दिसतात. मी वर्गातून उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून मला माहीत आहे. त्या दिवसापासून तुला सांगता आलं असतं. आई तुझ्या बाबूनंतर कोणाच्या बाळंतपणाला गेली नाही, म्हणायची, माझ्या हाताचा गुण गेला. तिलाही मी सांगितलं नाही, आणि ती तसंच समजून गेली. एक्क्याण्णव साली मी वैभववाडीला तुझ्याकडे आले होते, आठवतं? तुझं दुकान नवीन होतं, तुझा सर्वेश तीन-चार वर्षांचा होता. मी सांगायलाच आले होते. तू चहा केलास आणि हसत हसत सांगितलंस, की सर्वेश झाला तेव्हा सासूबाईंनी महिनाभर त्याला फक्त पाजायपुरतं तुझ्याजवळ दिलं, आणि "बरांच केल्यानी, माझो हात तसो." मी चहा प्याले आणि परतीची गाडी पकडली. याच्यावर मला काहीही सफाई द्यायची नाही. नोकरीत मी अठराशेच्या वर बाळंतपणं केली, एकाही बाळाला धनुर्वात झाला नाही. लोक म्हणतात, बाईंचं काम फार कडक. तो कडकपणा कुठून आला ते तुझ्याशिवाय कोणाला कळायचं कारण नाही, आणि तुलाच तो माहीत नव्हता.

आता तुला नर्स म्हणून सांगते, मैत्रीण म्हणून नव्हे. तुला त्या वेळी गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शनं मिळाली नव्हती, तेव्हा आपल्याकडे ती प्रत्येकीपर्यंत पोचत नव्हती. ब्लेड जमिनीवर पडलं होतं. ते उकळलं नव्हतं. या तीन गोष्टींनी बाबू गेला. हा रोग तिन्हीसांजेने होत नाही, उंबऱ्यावर उभं राहून होत नाही, आईच्या हाताने होत नाही. तुझ्या हातात काहीही वाईट नव्हतं आणि नाही. वाईट माझ्या हातून झालं, आणि नंतरचं मौन त्याहून वाईट. पहिलं मी घाबरून केलं. दुसरं मी रोज, ठरवून, चाळीस वर्षं केलं.

पुड्या जुलैत पोचल्या. ग्रासाने फोटो पाठवलाय, मातीच्या घरासमोर एक मुलगी बाळ घेऊन उभी आहे, कपाळाला आठ्या घालून, ऊन तोंडावर असेल. आता दर गुरुवारी तिकडच्या बारा सुइणी एका शेडमध्ये जमतात आणि मी इकडून शिकवते. गेल्या गुरुवारी त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, की मी चाळीस वर्षं घरातल्याच सुरीने नाळ कापत आले, पुष्कळ मुलं जगली, मग एका ब्लेडाचं एवढं काय? मास्तराने भाषांतर केलं आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी पुस्तकातलं सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही, मला दिसलं. या गुरुवारी मी तिला पुस्तकातलं सांगणार नाही. मी आचऱ्यातल्या त्या दुपारचं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. माझं घेणार.

पण गुरुवारच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, आणि त्याचं कारण नुसता गुरुवार नाही. शनिवारी मला तुझ्या सुनेचा, भक्तीचा फोन आला. तुझ्या डायरीतून माझा नंबर शोधून काढला म्हणाली. कणकवलीला बाळंत होऊन घरी आली, मुलगी झाली, पावणेतीन किलो, हे तू मला कळवलंही नाहीस. भक्तीला आई नाही. घरात मोठी अशी तूच. आणि ती सांगत होती, की सासूबाई डिंकाचे लाडू करतात, धुरी करतात, लंगोट धुतात, पण खोलीच्या आत येत नाहीत. बाळ रडलं तरी दारातच उभ्या राहतात. मुलगी झाली म्हणून रागावल्यात का, असं ती मला रडत रडत विचारत होती. सर्वेशलाही काही उलगडा होत नाही. मी तिला सांगितलं, रागावलेली नाही, घाबरलेली आहे, आणि त्या भीतीवरचं औषध माझ्याकडे आहे. आरोही उद्या शाळेच्या कामासाठी वैभववाडीला जाते आहे, हे पत्र ती फक्त तुझ्या हातात देईल. रविवारी सकाळी मी कुडाळहून गाडीने तुझ्याकडे येते. तू दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तर पडवीत बसेन, तू काय बोलशील ते सगळं ऐकून घेईन आणि या वेळी चहा पिऊन निघून जाणार नाही. माफी तेव्हा तुझ्यासमोर मागेन, कागदावर नाही. तोवर माझ्यासाठी काही करू नकोस. फक्त हे वाचून झालं की उठ, हात साबणाने स्वच्छ धू, खोलीत जा, आणि तुझी नात उचलून घे.

तुझीच,
मथुरा